महालक्ष्म्यांपुढची नाल्याची आरास

नगरपालिकेत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, तेव्हा खैरापूरच्या पुढाऱ्यांनी निवडून आल्यावर तोंड न उघडणाऱ्या बायका शोधायला सुरुवात केली. नगराध्यक्ष अण्णासाहेबांना सुमंगला सापडली. तिचा नवरा विष्णुपंत हायस्कुलात भूगोल शिकवायचा, म्हणजे माणूस निरुपद्रवी. सासू कस्तुराबाई जपमाळेत गुंतलेली. आणि सुमंगला कुणाशी चढ्या आवाजात बोललेली गावानं कधी ऐकली नव्हती. ते खरंच होतं. आवाज चढवायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

"वहिनी, तुमी फक्त मीटिंगला या, चहा घ्या अन् हात वर करा," अण्णासाहेब म्हणाले आणि ती निवडून येताच कुणालाच नको असलेली आरोग्य समिती त्यांनी तिच्या पदरात टाकली.

खैरापूरचा बाजार सगळा उतारावर. पाऊस पडला की गल्लीगल्लीतल्या नाल्या मोठ्या नाल्याला मिळायच्या आणि मोठा नाला नेमका स्नानाच्या घाटाच्या वरच्या अंगाला दुधना नदीत उतरायचा. दुकानातलं, दवाखान्यातलं, गिरणीतलं जे जे म्हणून नालीत ढकललेलं असेल, ते एका जोरदार पावसात नदीला पोचतं व्हायचं. त्या श्रावणात सोमवारच्या स्नानाला गेलेली कस्तुराबाई तेलाच्या तवंगावर घसरून पायरीवर बसली आणि घरी येऊन पाहते तो कळशीत पाण्यासोबत एक तुटकी स्लीपर.

"मी नदीला गेले होते का बाजाराला?" कंबर धरून तिनं सुनेला विचारलं.

पुढच्या मीटिंगमध्ये सुमंगलानं नाल्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवायचा ठराव मांडला. भजी गार होत होती, म्हणून सगळ्यांनी पटापट हात वर केले.

जाळी बसली. पाऊस आला. जाळी एवढी गच्च भरली की पाणी उलटं फिरून कापड लाइनीतल्या दुकानांत शिरलं. धोतरं खोचलेले दुकानदार नगरपालिकेत धडकले. सुमंगलानं विचारलं, "कचरा कुणाचा आहे?" दुकानदार म्हणाले, वरच्या गल्लीचा. वरच्या गल्लीतले म्हणाले, आमची नाली बघा, ताटासारखी लख्ख हाय. रिक्षातून भोंगा फिरवला, दंडाची दवंडी दिली. दंड भरायला कुणी आलं नाही, कारण कचरा कुणाचाच नव्हता.

"जाळी काढून टाकू," अण्णासाहेब म्हणाले. "नदी मोठी हाय वहिनी. तिला काय फरक पडायलाय? एवढा लक्ष्म्यांचा सण होऊ द्या, मंग काढू."

"लक्ष्म्या होईपर्यंत राहू द्यायची ना?"

"राहू द्या की."

"बरं," सुमंगला म्हणाली. आजवर तिच्या 'बरं'ला कुणी घाबरलं नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी ती साडी वर खोचून नाल्यापाशी गेली. सफाईचा मुकादम चंद्रभान माणसं घेऊन आकड्यांनी जाळीतला ढीग उपसत होता. कासाराच्या पेटीतल्या बांगड्या निरखाव्यात तशी ती त्या ढिगाकडं बराच वेळ पाहत राहिली.

"चंद्रभान, सुया अन् कुजकं तेवढं इथंच पुरा. बाकीचं चांगलं चांगलं धुऊन माझ्या घरी आणता का?"

"बाई, ह्यात चांगलं काय हाय?"

"सगळंच."

हातगाडी दारात रिकामी झाली तेव्हा कस्तुराबाईची माळ थांबली. "लक्ष्म्यांपुढं नाल्यातलं मांडायलीस? डोकं फिरलं का तुझं?"

"देवघरात नाही आई, बाहेर ओसरीवर. आणि हे सगळं नदीलाच निघालं होतं. तुमच्या स्नानाच्या पाण्यात."

कस्तुराबाईनं चार मणी ओढले. कंबर अजून ठणकत होती. "तो तेलाचा डबा मधोमध ठेव," ती म्हणाली.

लक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी आत ज्येष्ठा-कनिष्ठा पैठणी नेसून उभ्या होत्या आणि ओसरीवर आरास सजली होती. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटल्यांत रंगीत पाणी भरून त्यांचं तोरण केलं होतं. शिंप्याकडच्या कातरणांची रांगोळी होती, मधोमध एक जांभळं पोलकं. गायछाप तेलाच्या डब्यांची उतरंड रचली होती, आणि तेलगिरणी गावात एकच, अण्णासाहेबांची. समोर केसांच्या कसल्याशा तेलाच्या हिरव्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीत एकेक झेंडूचं फूल.

हळदीकुंकवाला बायका येऊ लागल्या. डॉक्टरांच्या घरच्या सुमनबाई तोरण बघून हरखल्या. "किती गोड दिसायलंय. कुठून आणलं?"

"पाण्यानं आणून दिलं," सुमंगला म्हणाली. "जाळीत अडकलं होतं. ज्याचं असेल त्यानं जाताना न्यावं. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये म्हणतात."

सुमनबाईंनी पुन्हा एकदा वर पाहिलं आणि मग त्या करंजीकडं वळल्या. शिंप्याची बायको बायनाबाई रांगोळीशी वाकून म्हणाली, "अगं बाई, हे जांभळं पोलकं तर..." आणि तिनं जीभ चावली. देवीसमोर भांडता येत नव्हतं, कुंकू लावून घेतल्याशिवाय निघताही येत नव्हतं. बातमी मात्र दिवेलागणीच्या आत गावभर झाली. आरास पाहायला पुरुषसुद्धा अंगणात जमले.

अण्णासाहेबांची पत्नी अंबिका जरा उशिरानं आली. उतरंडीतला मधला डबा तिनं ओळखला आणि झाकण उचललं. आत पंडित हलवायाचे पेढ्यांचे रिकामे खोके होते. अण्णासाहेबांना साखरेचा आजार. गेलं वर्षभर अंबिका त्यांना कारल्याचा रस पाजत होती आणि रक्तातली साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टरांना दोष देत होती.

"हे खोके तुमी ठेवलेत ह्यात?" तिनं हळूच विचारलं.

"नाही वहिनी. डबा आला तसा मांडला."

अंबिकेचे ओठ घट्ट मिटले. ओसरीवरचं हसू ओसरलं. मग बायनाबाईला तोंड फुटलं. "साऱ्या गावाचं उचलून आणलंव मास्तरीणबाई, तुमच्या घरचं कुठंय? का तुमच्याकडं कचराच होत न्हाई?"

"खरंच की," मागून दोघी-तिघी म्हणाल्या.

"अन् ह्या हिरव्या बाटल्या कोणाच्या?" कुणीतरी विचारलं. त्यावर गावातल्या टकल्यांची उजळणी सुरू झाली. पोस्टमास्तरांचं नाव निघालं, पण त्यांनी तर कधीच आशा सोडलेली. 

एवढ्यात परभणीला शाळेच्या कामासाठी गेलेले विष्णुपंत संध्याकाळच्या गाडीनं परतले. अंगणातल्या गर्दीतून वाट काढत ते ओसरीवर चढले, घाम पुसायला त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि समोरच्या झेंडूच्या रांगेकडं पाहून जागीच थबकले.

सुमंगलानं नवऱ्याची नजर पाहिली. पहाटे काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन ते फिरायला का जातात, हे तिला त्या क्षणी कळलं. हसायला निघालेलं गाव आता तिच्याच माणसाला हसणार होतं, आणि मांडणी तिच्याच हातची. तिनं पदर पुढं करून बाटल्या गोळा करायला हात घातला.

विष्णुपंतांनी वर्गात खाकरावं तसं खाकरलं. "राहू दे," ते म्हणाले. "त्या माझ्या आहेत. वर्षभर लावलं. उगवलं काहीच नाही." 

मग अंबिकेला हसू फुटलं, असं की तिला खांबाला टेकावं लागलं. डोळे पुसून तिनं डबा उचलला. "हा आमचा. खोकेसुद्धा आमचेच. घरी गेल्यावर विचारतेच." मग सुमनबाई तोरण सोडवायला लागल्या. बायनाबाईनं कातरणं ओच्यात भरली आणि जाता जाता म्हणाली, "जांभळं पोलकं लय लहान झालतं, म्हणून टाकलं. तसं न्हाई टाकत आमी."

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब सकाळीच दारात. चेहरा उतरलेला. "वहिनी, काल रातच्याला आमच्या घरी काय झालं, ठाव हाय तुमाला?"

"कारल्याचा रस घेणार का चहा?" कस्तुराबाईनं आतून विचारलं. 

अण्णासाहेब बिनसाखरेचा चहा प्याले. जाळी राहणार, असं ठरलं. पावसाआधी नाला उपसायचा, चौकाचौकात कचराकुंड्या ठेवायच्या, आणि गिरणीचं तेलकट पाणी नालीत न सोडता गिरणीमागच्या खड्ड्यात जिरवायचं, हेही ठरलं. "पुढल्या साली मात्र आरास करू नका," ते उठताना म्हणाले.

"ते पाण्याच्या हातात आहे," सुमंगला म्हणाली.

विष्णुपंतांच्या पानात त्या दिवशी तूप जरा जास्तच पडलं. टोपी मात्र त्यांनी पुन्हा घातली नाही, आणि डोक्याला वारा बरा लागतो असं ते शाळेत सांगू लागले.

पुढच्या पावसाळ्यात जाळीत पाला, काड्या आणि एक फुटबॉल एवढंच सापडलं. घाटाची पायरी तेलकट न होता खडबडीत राहिली. गाव सुधारलं म्हणून सुमंगलाला समाधान वाटत होतं, तेवढ्यात शेजारच्या वाडीचे सरपंच भगवानराव भरलेली बैलगाडी घेऊन नगरपालिकेच्या दारात उभे राहिले. आरास होईल या धास्तीनं खैरापूरच्या काही लोकांनी आपला कचरा थेट वाडीच्या ओढ्यात नेऊन टाकायला सुरुवात केली होती.

"हे तुमच्या गावचं हाय," भगवानराव म्हणाले. "घ्या तुमचं तुमाला."

सुमंगला खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारून तिनं एक पोतं उलटंपालटं केलं, त्यावरचं दुकानाचं नाव वाचलं आणि ओठ दाबून हसू आवरलं.

"भगवानराव, गाडी इथं नका रिकामी करू," ती साडी सावरत म्हणाली. "मला वर बसू द्या. कापड लाइनीतून हळूहळू चला. मी सांगते तिथं तिथं थांबवा."