दफनभूमीच्या फाटकावरचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कोलंबियातल्या सान एवेलिओ गावच्या दफनभूमीच्या फाटकावर मला खिळ्यांनी ठोकले आहे.

मला भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या नुबियाने काढले. इथल्या ज्वालामुखीला सगळे 'पांढरी म्हातारी' म्हणतात, कारण त्याच्या माथ्यावर बारा महिने बर्फ असतो. नुबियाने दोन वर्षे नदीकाठ खणून जुन्या चिखलाचे थर मोजले. म्हातारी नुसती तापली तरी बर्फ वितळेल आणि चाळीस मिनिटांत चिखलाचा लोंढा गावात शिरेल, हे तिला कळले. तिने माझ्यावर सारे गाव लाल रंगवले. धावत गाठता येईल अशी हिरवी जागा एकच निघाली, ही दफनभूमीची टेकडी. तीही फाटकाच्या आत दहा पावलांवर सुरू होणारी.

गावच्या कारभाऱ्यांनी मला चौकात लावू दिले नाही. फिरायला येणारे पाहुणे घाबरतील म्हणे. म्हणून मी इथे आलो.

"मेल्यावर यायचंच आहे की इथं. आत्तापासून कशाला पळवतेस, पोरी?" मक्याच्या अरेपा विकणारी एदिल्मामावशी हसायची.

"आधी आलात तर मरायचं टळेल, मावशी."

पण फाटकाला कुलूप असे. ते फक्त सोमवारी, मृतात्म्यांचा वार म्हणून, उघडायची रीत होती. किल्ली राखणदार एलादिओकाकांच्या कमरेला.

"कुलूप काढा ना, काका," नुबिया दर खेपेला म्हणायची.

"आणि शेळ्यांनी थडग्यांवरची फुलं खाल्ली म्हणजे? मेलेल्यांची समजूत तू काढणार?"

लोंढा गुरुवारी दुपारी आला. नुबियाचा निरोप वेळेत पोचला होता. माणसे मी दाखवलेल्या वाटेनेच धावत वर आली आणि फाटकाशी अडली. काका खाली बाजारात होते. तरणे लोक भिंतीवरून चढून गेले. मावशी माझ्यावर हात टेकून उभी राहिली. तिच्या बोटांचे पीठ मला लागले. मग चिखल माझ्या खालच्या कडेपर्यंत चढला.

मावशी सापडली नाही. काकाही नाहीत.

आता खाली पुन्हा विटा रचल्या जात आहेत. उन्हाने माझा लाल रंग आधी उडाला, त्यामुळे गावाची जागा कोरी दिसते. म्हातारीवर निम्मा बर्फ शिल्लक आहे. फाटकाला नवे कुलूप आहे. शेळ्यांसाठी.

मित्रांनो, तुमच्या गावात असा नकाशा असेल तर नुसते रंग पाहू नका. हिरव्या जागेपर्यंत एकदा चालत जा आणि फाटक ढकलून बघा. माझे अजून कोणी ढकललेले नाही.