रिकाम्या टबाच्या गाठी

व्यायामशाळेच्या हॉलमध्ये प्लास्टिकचे टब ओळीने मांडले होते आणि त्यांत बसायला आतुर झालेल्या पुरुषांची रांग बाहेर सलूनच्या दारापर्यंत गेली होती. टबांत डोक्यावरून पांढरी चादर ओढलेले वडीलधारे लोक कोमट पाण्यात तासतासभर निश्चल बसले होते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, रंगकाम काढलंय म्हणून फर्निचर झाकून ठेवलंय.

एकेक जण उठला की टबाच्या तळाशी गुलाबी, लिबलिबीत, वाटाण्याएवढे गोळे दिसत. "निघाल्या!" अशी आरोळी उठे, टाळ्या पडत. काही जण ते गोळे बरणीत भरून घरी नेत. एका गृहस्थांनी तर बरणी दिवाणखान्यात जावयाच्या फोटोशेजारी ठेवली होती. पाहुण्यांना आधी ती दाखवत, मग जावई.

"बंधूंनो, लसिका म्हणजे काय?" निचरागुरू माइकवरून गरजत होते. "शरीराचं ड्रेनेज! प्रोस्टेटचा रोग त्या ड्रेनेजात शिरतो आणि तिथं गाठी धरतो. घरचं ड्रेनेज तुंबलं तर तुम्ही काय करता? मशीनखाली झोपता? नाही! झाकण उघडता! मी झाकण उघडतो!"

शरीराला झाकण कुठे असतं, हे कुणी विचारलं नाही. टबात बसल्यावर ज्याचं त्याला कळल्यासारखं वाटे.

रांगेत काटेसाहेब होते. हे नाव त्यांना दुकानदारांनी दिलेलं. वजनमापं निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात बाजारात काढली. दुकानात शिरले की मालाकडे ढुंकून बघत नसत. म्हणायचे, "आधी रिकामं पारडं दाखवा." पारड्याखालचं मेण, काट्याला लावलेला चुंबक, सगळं त्या एका वाक्यात सापडायचं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं होतं. "साहेब, प्रोस्टेटचा कॅन्सर हद्द ओलांडून ओटीपोटातल्या लिम्फ नोडमध्ये गेलाय. लिम्फ नोड म्हणजे शरीरातले तपासणी नाके. माल तिथं अडकलाय, पुढं गेलेला दिसत नाही. हाडं स्वच्छ आहेत. हार्मोनची इंजेक्शनं आणि रेडिएशन, दोन्ही करू. आता उशीर नको."

पहिलं इंजेक्शन झालं. त्याच सुमारास शेजाऱ्याच्या आग्रहाखातर काटेसाहेब टबात बसले. पुढच्या तपासणीत रक्तातला पीएसए, म्हणजे या रोगाचा माग सांगणारा आकडा, धाडकन खाली आला आणि सगळं श्रेय टबाला मिळालं. इंजेक्शन बिचारं टोचून बदनाम झालं.

सोमवारपासून रेडिएशन सुरू व्हायचं होतं. "गरज उरली नाही," असं काटेसाहेबांनी इस्पितळाला कालच कळवून टाकलं होतं.

"अहो, अजून फोन करा," रांगेत सोबत उभ्या त्यांच्या पत्नी पुटपुटल्या. "येतो म्हणावं."

"अगं, गाठी निघाल्या त्या तू डोळ्यांनी पाहिल्यास ना?"

"पाहिल्या. पण कुठून निघाल्या ते नाही पाहिलं."

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय."

"तुमच्याबरोबर संसार केलाय. गुण लागायचाच."

एवढ्यात काटेसाहेबांना लघवीची घाई झाली. या आजारात ती मुहूर्त पाहून येत नाही. ते गेले आणि नेमका त्यांचा नंबर पुकारला गेला. सेवकांनी बाईंच्याच हाती झगा आणि चादर दिली. नंबर हुकला तर पुढचा आठवडा, असा नियम. बाईंनी घटकाभर विचार केला, आडोशाला जाऊन झगा चढवला, डोक्यावरून चादर ओढली आणि खुशाल टबात जाऊन बसल्या. सेवकाने पाण्यात हिरवट पूड टाकली.

काटेसाहेब परतले तो नंबर गेलेला, बायको गायब. हळहळत कोपऱ्यात उभे राहिले. तासाभराने गुरू त्या टबापाशी आले, पाण्यात हात फिरवून ओंजळ उंचावली.

"बघा, बघा! प्रोस्टेटच्या गाठी! आणि जुनाट! बाबा, किती वर्षं अंगावर काढलंत?"

चादर बाजूला झाली.

"लग्नाला झाली तितकी," बाई म्हणाल्या. "पण गुरुजी, प्रोस्टेट बायकांना नसतंच हो!"

सगळ्या माना गुरूंकडे वळल्या. गुरू मात्र मुरलेले. "धन्य आहे माउली!" ते माइककडे धावले. "पतीचा रोग स्वतःच्या अंगावर ओढून घेतला!"

लोकांनी दुप्पट टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी आपापल्या बायकांना फोन करून ताबडतोब बोलावून घेतलं.

टाळ्या वाजवत नव्हते ते एकटे काटेसाहेब. त्यांचे कान लालबुंद झाले होते. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांचा बाजारातला आवाज फुटला.

"थांबा! आधी रिकामं पारडं दाखवा!"

"म्हणजे?"

"नवा टब. तेच पाणी, तीच पूड. आत कुणीही बसायचं नाही."

"श्रद्धेशिवाय पाणी काम करत नाही," गुरू म्हणाले.

"मग काही निघणार नाही आणि तुमचंच खरं ठरेल. घाबरता कशाला?"

रांगेतल्या लोकांनाही गंमत वाटली. टब भरला, पूड पडली आणि सगळा हॉल टबाभोवती जमून रिकाम्या पाण्याकडे पाहत बसला. हळूहळू तळाशी गुलाबी ठिपके उमटले. फुगले. टपोरे झाले.

"अरे बापरे," बरणीवाले गृहस्थ म्हणाले, "टबालापण झालाय!"

काटेसाहेबांनी उरलेली पूड तळहातावर चोळली. हिरवा पाला उडून गेला आणि खाली राहिले मोहरीएवढे कडक, गुलाबी दाणे. कुंडीत ओल टिकावी म्हणून मातीत घालतात ते. पाणी पितात आणि फुगतात. बाहेर पडत होते ते पुडीतून, आणि गुरू पडत होते ते मागच्या दाराने.

"लिम्फ नोड आत असतात हो," काटेसाहेब लोकांना म्हणाले. "ते पाण्यात गळून पडायला घामाचे थेंब आहेत काय? पीएसए उतरला तो इंजेक्शनने. मीच माझ्या आयुष्यात पहिल्यांदा रिकामं पारडं न बघता माल घेतला. तुम्ही घेऊ नका. कुणी चमत्कार दाखवला की एकच विचारा: रोगी नसताना काय निघतं?"

मग त्यांनी इस्पितळाला फोन लावला. ओशाळून, पण लावला.

सोमवारी ते सांगितल्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन, मांड्या आवळून रेडिएशनच्या खोलीत शिरले. आडवे होण्याआधी टेक्निशियन बाईंना म्हणाले, "एक विचारू? हे मशीन रिकामं असताना कुणी तपासतं का?"

"रोज सकाळी. पहिला पेशंट आत येण्याआधी."

काटेसाहेबांनी चष्मा काढून दाराशी उभ्या बायकोच्या हाती दिला आणि निमूट आडवे झाले.