घोंगडीखालचं तेल

समाजमंदिराच्या ओट्यावर भर दुपारी अख्खी वाडी रांग लावून घोंगडीत डोकं खुपसत होती. बारशाला बाळ बघायला जावं तशी एकेक मंडळी आत वाकायची, "आईशप्पथ!" म्हणून बाहेर यायची आणि मागच्याला कोपर मारायची. आत बाळबीळ काही नव्हतं. मुठीएवढी एक गारगोटी होती आणि तिच्यावर जांभळ्या उजेडाची बॅटरी धरून बसलेले पांढऱ्या बुटांचे साहेब होते.

"दिसली ना निळी चमक?" साहेब म्हणाले. "दगडाच्या पोटात बारीक थेंब अडकलेले असतात. त्यांत तेल असलं की असं चमकतं. घाटघरच्या या डोंगराखाली तेल आहे, तेल!"

"आन् वास बी येतोय की राव तेलाचा!" सावळेराम घोंगडीतून बाहेर येत ओरडला. "अजून काय पुरावा पायजे?"

दहावीतल्या तेजस्विनीला हसू आवरेना. इतकी शहाणी माणसं एका वाडीत मावतात तरी कशी!

पण तिचे पप्पा, रवींद्र, ओट्याच्या कडेला हातात पेन घेऊन बसले होते आणि तिथं हसण्यासारखं काही नव्हतं. पुढ्यातल्या संमतीपत्रात लिहिलं होतं, तीस वर्षं जमीन साहेबांच्या कंपनीच्या ताब्यात. कंपनीला विचारल्याशिवाय नांगर घालायचा नाही, विहीर खणायची नाही. त्यांच्याकडे भाताची दोनच खाचरं. वर्षाचा तांदूळ तिथलाच. आणि पहिली सही पप्पांचीच व्हायची होती.

तेजस्विनीनं रांग मोडून घोंगडीत डोकं घातलं. गारगोटी चमकत होती खरी. पण तो वास! नाणेघाटाच्या रस्त्यावर तिचे खंडूकाका पर्यटकांना दगड विकायचे आणि रोज सकाळी पंपाच्या डिझेलचा बोळा फिरवून दगड लखलखीत करायचे. हाच तो वास. शिवाय गारगोटीचा हा तुटका कोपरा परवापर्यंत काकांच्या दगडांच्या पाटीत होता.

म्हणजे साहेब तेल शोधायला आले आणि काकांच्या पाटीपाशीच थांबले. डोंगर चढायचे कष्ट कोण घेतो?

तिनं मागं वळून पाहिलं. खंडूकाका गर्दीच्या शेवटी आभाळ न्याहाळत उभे होते. आभाळात एक कावळासुद्धा नव्हता.

"साहेब, तुम्ही सूक्ष्मदर्शक आणला नाही?" तिनं विचारलं.

"बाळ, तुला नाही कळायचं ते."

"मंचरच्या विज्ञान प्रदर्शनात बघितलंय मी. केसाहून बारीक थेंब असतो. त्यात बुडबुडा फिरताना दिसतो, पण सूक्ष्मदर्शकातूनच. तुम्हाला तो नुसत्या बॅटरीनं दिसतो? डोळे भारी आहेत हं तुमचे!"

बायका फिसकन हसल्या. साहेबांचे कान लाल झाले.

"तेजू, गप बस," पप्पा म्हणाले. पण पेन कागदावर टेकवलं नाही.

ती घरी पळाली आणि चुलत बहीण श्रेयाची नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली व जुन्या छत्रीचं काळं कापड घेऊन आली. "थेंबातलं तेल दगडाच्या पोटात कुलूपबंद असतं. वरनं कितीही पुसा, निघणार नाही. बरोबर ना साहेब?"

"अर्थात!" साहेब रुबाबात म्हणाले.

"मग पुसते."

तिनं गारगोटी खसाखसा पुसली. मग पप्पांना हाताला धरून घोंगडीत नेलं आणि साहेबांच्याच बॅटरीचा उजेड पाडला. दगड काळाठिक्कर. एका फटीत तेवढी चमक रेंगाळली होती. आणि छत्रीचं कापड निळं निळं पेटलेलं!

"पप्पा, आता कापडाखाली तेलाची विहीर खणायची का?"

पप्पा बाहेर आले. ते थेट आपल्या भावासमोर जाऊन उभे राहिले. "खंडू, तुझा दगड हाय ह्यो?"

"व्हय," काका पुटपुटले.

"मी इथं सही कराया बसलो आन् तू आभाळ बघत व्हतास?"

"मला काय ठावं, दादा! माज्या पाटीतल्या दगडात चमक गावली म्हणून साहेब लई खूश व्हते. मी म्हणलं, शिकलेला माणूस हाय, त्याला दिसलं आसंल कायतरी."

तेजस्विनीला वाटलं, साहेबांपेक्षा काकांच्याच डोक्यावर बाटली रिकामी करावी.

पप्पांनी पेनाला टोपण लावलं आणि सही न केलेलं संमतीपत्र साहेबांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. "माजं भात माज्याच खाचरात राहू द्या, साहेब."

रांग पांगली. सावळेराम तेवढा साहेबांपाशी घुटमळला. "त्यांच्या रानात नसंल. माज्या रानाचं काय?" त्यानं सही ठोकलीसुद्धा. अशा माणसाला सूक्ष्मदर्शक दिला तरी तो उलटा धरेल.

साहेबांनी बॅटरी पिशवीत टाकली आणि गारगोटी खंडूकाकांपुढं धरली. "हा दगड परत घ्या. फसवलंत तुम्ही मला."

काकांनी भावाच्या तोंडाकडं पाहिलं, पुतणीकडं पाहिलं, आणि हात मागं बांधले.

"इकल्याला दगड माघारी घेत न्हाई मी, पावणं."