टँकरमागची पहिली गाडी

डेपोत टँकर येऊन डिझेल ओतून गेला, की पंपाला पहिली बस लागायची ती मावशीची. "ताजं मिळतं गं," असं ती भाचीला लहानपणापासून सांगत आली होती. बाकीचे ड्रायव्हर हसून वाट द्यायचे.

पण अलीकडे तिच्याच बसचं मायलेज घसरलं. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर सारखा तुंबायचा, ती जाळायला इंजिन आणखी डिझेल प्यायचं, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही विझत नव्हता. डेपो मॅनेजर तिच्याकडून घाटाचा मार्ग काढून घ्यायच्या बेतात होते. "ॲक्सिलरेटरवर पाय जड पडतोय तुमचा," ते म्हणाले.

मावशी तडक वर्कशॉपच्या चाचणी खोलीत आली. भाची तिथे नुकतीच नोकरीला लागली होती.

"घाट गेला तर मी या डेपोत राहून करू काय? तूच तपास. माझा पाय जड असेल तर तसं तोंडावर सांग."

भाचीचा मावशीवर विश्वास होता, पण विश्वास काही बरणीत भरून दाखवता येत नाही. पुढचा टँकर आला तेव्हा मावशीची बस भरताना तिनं पंपाच्या नळीतून एक बरणी भरून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नळीतून दुसरी. दोन्ही खिडकीत ठेवल्या. सकाळचं डिझेल नितळ होतं. पहिल्या बरणीच्या तळाला मात्र पाणी आणि तपकिरी गाळ बसला होता.

"टँकर ओतला की डेपोच्या टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं साठलेला गाळ ढवळून वर येतो," भाची म्हणाली. "तो खाली बसायच्या आत तू नळी लावतेस. मग इंजिनात डिझेल उडवणाऱ्या इंजेक्टरचा फवारा बिघडतो, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी वाढते."

"म्हणजे मी हौसेनं गाडीला गाळ पाजत होते?"

"लाडानं, मावशी."

मॅनेजरनी बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. डेपोची टाकी, बसचे इंजेक्टर, फिल्टर, सगळं साफ करायला सांगितलं. "महिनाभर मायलेज बघू. तोवर घाट तुमचाच."

पुढच्या वेळी टँकर आला तेव्हा मावशीचा हात किल्लीकडे गेला आणि थांबला.

"काय मावशी, आज शिळं चालणार?" एकानं टोमणा मारला.

"निवळलेलं म्हण. आमच्याकडे शास्त्र शिकलेलं माणूस आहे."

महिना संपला. मायलेज पुन्हा जागेवर आलं, घाटही मावशीकडेच राहिला. त्या दिवशी तिनं भाचीला पुढच्या सीटवर बसवलं. चढण लागली तरी डॅशबोर्डवर एकही दिवा पेटला नव्हता. वाटेत चढणाऱ्या प्रत्येकाला, कंडक्टरनं तिकीट द्यायच्या आधीच, मावशी सांगत होती, "ही माझी भाची. गाडी हिनं बरी केली."