थोरल्याचा पाय घसरला नव्हता

मुलीचं लग्न ठरवायला पाहुणे आले होते, आणि इलेक्ट्रिशियन असलेला धाकटा भाऊ कोपऱ्यात जबडा चोळत उभा होता.

"दाढ दुखतेय त्याची," आईने हसून सांगितलं.

जिना चढला की दुखणारी आणि बसलं की थांबणारी अशी शहाणी दाढ कुणी पाहिली आहे? पण लग्नाची बोलणी चालू असताना मुलाचं काही दुखलंच, तर दाढच दुखायला हवी.

जिचं लग्न ठरत होतं त्या बहिणीचं मात्र त्याच्या जबड्यावरून लक्ष हटेना. थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. बत्तिसाव्या वर्षी तो गेला, हृदयविकाराने. आईने जगाला सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. वडीलही चाळिशीच्या आत गेले, तेव्हाही असंच काहीतरी सांगितलं होतं. "घरात हे दुखणं आहे म्हटलं तर तुला कोण करून घेईल?" ही त्या माउलीची भीती. ती खोटी नव्हती. ती तुम्हीआम्हीच खरी करून ठेवली आहे.

बोलता बोलता धाकटा घामाने भिजून खाली बसला. होणाऱ्या सासूबाईंनीच आपली गाडी काढायला लावली आणि सगळे हॉस्पिटलात पोचले.

"वय एकोणतीस, अंगाने काटकुळा, सिगारेट नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या ईसीजीत स्पष्ट काही दिसत नाही. घरात कमी वयात कुणाला हार्ट अटॅक?"

"नाही हो. सगळे ठणठणीत," आई म्हणाली.

आईने मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. बोललं तर लग्न मोडेल, गप्प बसलं तर भाऊ जाईल.

"आई खोटं बोलतेय," ती म्हणाली. "दादा हार्ट अटॅकने गेला. बाबाही."

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याच्या टाचेमागची जाड झालेली शीर चाचपली आणि लगेच दुसरा ईसीजी काढायला लावला. त्यात हार्ट अटॅक दिसला.

"जास्तीचं कोलेस्टेरॉल जन्मतःच येतं काही घरांत, टाचेमागेही साठतं. बारीक माणसालाही सोडत नाही," स्ट्रेचरबरोबर चालता चालता त्या म्हणाल्या. "घरी पाठवलं असतं तर हा परत आला नसता. तुमचंही रक्त तपासा, आजच."

"हळू बोला," आई पुटपुटली. "पाहुणे ऐकतायत."

आतलं दार बंद झालं. मुलीने रक्त द्यायला बाही वर केली. सासूबाई जवळ आल्या. आता नकार ऐकायचा, म्हणून तिने डोळे मिटले.

"माझा भाऊ पस्तिसाव्या वर्षी झोपेत गेला, असं आम्ही सांगतो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "झोपेत नव्हता गेला तो. छाती धरून ओरडत होता. माझ्या मुलालाही रक्त तपासायला बोलावून घेते."