कुलपातली घोंगडी

मी एक जुनी काळी घोंगडी आहे, आणि मित्रांनो, मी चिडले आहे. जुन्या वस्तूने शांतपणे आपली हकीगत सांगावी आणि शेवटी दोन आसवं गाळावीत, अशी तुमची अपेक्षा असेल तर मला माफ करा. चौदा महिने मला काचेच्या कपाटात कोंडलं होतं. का, तर मी फार चांगली आहे म्हणून!

पण सुरुवातीपासून सांगते. माझी लोकर आबांच्या मेंढ्यांची. आबा म्हणजे शिरूर तालुक्यात भीमेकाठच्या एका वस्तीवर राहणारे म्हातारे मेंढपाळ. मेंढरांमागे चालता चालता त्यांनी चातीवर सूत काढलं, मागावर मला विणून घेतलं आणि चिंचोक्याची खळ लावून कडक केलं. मग वीस वर्षं मी त्यांच्या खांद्यावर होते. दौंडच्या शिवारात गारा झेलल्या त्या मी. भांडगावच्या माळावर थंडीत जन्मलेली कोकरं गुंडाळून आणली ती माझ्यातच. मला कुणी कधी जपलं नाही. दगडावर आपटलं, उन्हात टाकलं, माझ्यावरच जेवले आणि माझ्यावरच झोपले. एवढं होऊन मला एक भोक पडलं नव्हतं, हे नीट ध्यानात ठेवा.

पुढे आबांनी कळप मोडला आणि ऊस लावला. दारात फक्त सहा मेंढ्या ठेवल्या. त्यांचा मुलगा रांजणगावला कंपनीत लागला आणि मी खुंटीवर गेले.

आबांची नात धनश्री वस्तीवरच्याच शाळेत सहावीत होती. वर्गात ती तोंड उघडायची नाही, आणि इंग्रजीच्या तासाला तर मानही वर करायची नाही. तेव्हा हू, विच, दॅट, हूज घालून वाक्यं जोडायचा धडा चालू होता. माणसांसाठी हू, वस्तूंसाठी विच, असं पोरं घोकायची आणि घंटा झाली की विसरायची. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रतिभा मॅडमना याचा अगदी वीट आला होता. एके दिवशी त्या धनश्रीची चौकशी करायला घरी आल्या. दारातल्या मेंढ्या पाहून त्यांनी सहज विचारलं, "आबा, मला तर या सगळ्या सारख्याच दिसतात. तुम्ही ओळखता कशा?"

"सारख्या कुठं हायेत मॅडम?" आबा हसले. "जिचा कान फाटलाय ती एक. जी सारखी मागं ऱ्हाती ती दुसरी. जिनं औंदा जुळी दिली ती ही. एवढ्यानं कंची ते कळाया पायजे, न्हाईतर पोरं भलतीच धरून आणत्यात."

मॅडम उभ्याच राहिल्या. "आबा, आठ दिवस मी जे शिकवतेय ते तुम्ही एका दमात सांगितलंत!" मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "ही घोंगडी शाळेला द्याल?"

"न्या की. पर वापरा बरं का. नुसती ठिवली तर हिला कसर लागती."

कसर म्हणजे लोकर खाणारी बारीक कीड. आबांचं हे वाक्य तेवढं शाळेत कुणी लिहून ठेवलं नाही.

मॅडमनी मला वर्गाच्या भिंतीवर ठोकलं. पुठ्ठ्याच्या सहा पांढऱ्या मेंढ्या कापल्या, प्रत्येकीची एक खूण वेगळी ठेवली आणि त्यांच्या पाठीला पॉलिशपेपर चिकटवला. तो खरखरीत कागद माझ्या लोकरीत पक्का बसतो. शब्दांच्या पट्ट्याही तशाच केल्या. मग खेळ सुरू झाला. एकाने इंग्रजीतून मेंढी सांगायची आणि बाकीच्यांनी ती ओळखायची. कुणी म्हणालं, "द शीप दॅट इज व्हाइट," की सगळा वर्ग ओरडायचा, "कंची?" सगळ्याच पांढऱ्या, मग ओळखायची कशी? हू आणि दॅटच्या मागून येणारं वाक्य कशासाठी असतं ते पोरांना त्या ओरडण्यातून कळलं. अनेकांतून एक वेगळी काढण्यासाठी.

रुद्र नावाचा एक भांडखोर मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, मेंढीला हू का न्हाई? तिला काय जीव न्हाई व्हय?"

"इंग्रजीत माणसाला हू, मेंढीला दॅट नाहीतर विच. तक्रार असेल तर इंग्रजांकडे कर," मॅडम म्हणाल्या आणि वर्ग खो खो हसला.

चौथ्या दिवशी धनश्री आपणहून उठली. तिने एक मेंढी काढली, बाकीच्यांच्या उलट दिशेला तोंड करून लावली आणि हळूच म्हणाली, "द शीप दॅट वॉन्ट्स टू गो होम." या वेळी 'कंची' असं कुणाला विचारावंच लागलं नाही. मी ती मेंढी इतकी घट्ट धरली की सुटताना माझे चार धागे निघाले. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

आणि मग माझं कौतुक झालं! डिसेंबरात शिरूरला शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाले. शाळेत परत आल्यावर मुख्याध्यापक सुदर्शन सरांनी मला घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, वर्गाशेजारच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

"सर, मुलांना ती रोज लागते," मॅडम म्हणाल्या.

"मुलांना फळा आहे. हात लागून खराब झाली तर तपासणीला काय दाखवायचं?"

जूनमध्ये मॅडमची दौंडकडे बदली झाली आणि माझ्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नाही. इंग्रजीचा तास सर घेऊ लागले. काचेतून मला रोज तेच ऐकू यायचं, माणसांसाठी हू, वस्तूंसाठी विच. असा संताप व्हायचा! अरे, गारा खाल्लेली घोंगडी मी, तुमच्या पोरांच्या बोटांनी झिजणार होते का? धनश्री मधल्या सुट्टीत येऊन काचेला नाक लावायची. सरांची चाहूल लागली की पळायची. तिचं बोलणं पुन्हा बंद झालं. सरांनी अप्रगत मुलांच्या यादीत तिचं नाव घातलं. त्या यादीवर तपासणीच्या साहेबांची सही झाली, की इंग्रजीच्या तासाला सातवीतल्या या पोरीने व्हरांड्यात पहिलीच्या पोरांबरोबर ए-बी-सी-डी गिरवायची. इकडे मला कसर लागली होती. ती रोज मला खात होती आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

फेब्रुवारीत तपासणीचे साहेब आले. सरांनी ऐटीत कुलूप काढलं आणि मला वर्गात आणून उलगडलं. भसाभस भुसा पडला. माझ्या अंगातून पलीकडची भिंत दिसत होती. सरांनी घाईघाईने मेंढ्या लावल्या. त्या एकेक करून खाली पडल्या. मला इतकी लाज वाटली आणि लाजेहून जास्त राग आला.

"साहेब, हीच ती घोंगडी, जिला तालुक्यात पहिला नंबर मिळाला," सर घाम पुसत म्हणाले.

धनश्री मागच्या ओळीतून उठली. पडलेल्या मेंढ्या तिने गोळा केल्या आणि छातीशी धरल्या. "धिस इज द ब्लँकेट दॅट नोबडी वॉज अलाउड टू टच," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्या भोकात बोट घातलं, मग सरांकडे पाहिलं. "या मुलीचं नाव काय?"

रुद्रने सांगितलं, "धनश्री, साहेब. ती बी अप्रगतच्या यादीत हाय."

साहेबांनी यादी मागवली. सही करण्याऐवजी त्यांनी तिच्या नावावर रेघ मारली आणि सरांना विचारलं, "बाकीच्यांना तरी कधी बोलू दिलंत का?"

संध्याकाळी आबांना बोलावलं. त्यांनी मला अंगणात झटकलं, उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात पसरलं आणि बराच वेळ हात फिरवला. "माज्या खांद्यावर वीस वरसं टिकली गं," ते धनश्रीला म्हणाले, "आन् हितं एका वरसात निम्मी ग्येली." मग त्यांनी कात्रीने माझा खाल्लेला भाग कापून टाकला. दुखलं. उरलेली निम्मी मी आता वर्गात आहे. धनश्रीने खिळे मुद्दाम खाली ठोकायला लावले, लहान पोरांचाही हात पोचेल असे. रोज तीस हात माझ्यावर पडतात, त्यांतले काही तिखटमीठ लावलेल्या कैरीचेही असतात. लागू देत.

कपाटात आता फक्त माझं प्रमाणपत्र आहे. सरांनी कुलूप मात्र परत लावलंय.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असं एखादं कपाट असेल. आत पृथ्वीचा गोल असेल, दुर्बीण असेल, कुणी न उघडलेली गोष्टींची पुस्तकं असतील. काचेला नाक लावून परत फिरू नका. मॅडम गेल्यावर मी निम्मी खाल्ली जाईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. तुम्ही आजच जा आणि किल्ली मागा.