मिटलेले हात

माझ्या सुनेला, बुरुलला, जाऊन चाळीस दिवसही व्हायचे होते, तोच गावचे म्हातारे माझ्या अंगणात मेंढी घेऊन आले. मेंढी एमिलबेक डॉक्टरची. माफी मात्र म्हाताऱ्यांनी मागायची. तो स्वतः गाडीतून खालीही उतरला नाही.

बुरुलला पोर झालं आणि रक्त थांबेना, तेव्हा हा भाच्याच्या लग्नात बसला होता. नर्सनं फोनवर फोन केले. "येतो, जेवण उरकून येतो." आला तो तोंडाला दारूचा वास घेऊन, आणि तसाच पोट फाडायला उभा राहिला. हे ऐकीव सांगत नाही मी. दारात मीच उभी होते, वास माझ्याच नाकात गेला. बुरुल गेली. तिची पोरगी राहिली. मी तक्रार केली. गुरुवारी इस्पितळात चौकशी बसायची होती. त्याच्या हातातली सुरी काढून घ्या, एवढंच माझं मागणं.

"शारापात," झुमाश म्हातारा म्हणाला, "त्याची आई आणि तू एका कुरणात घोड्या दोहल्यात. हात उघड."

आमच्यात मेंढी कापायच्या आधी हात उघडून दुवा द्यायची. अशा मेंढीवर घरच्यांनी हात उघडले की वैर मिटलं. मग तक्रारीचं नाव काढायचं नाही.

"उघडते की," मी म्हटलं. "आधी बुरुलला विचारून या. टेकडीवरच आहे, लांब नाही."

"चूक कुणाकडून होत नाही, बाई?"

"चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर ती चूक. दारू पिऊन माझ्या सुनेच्या पोटात हात घातला, त्यालाही चूकच म्हणता?"

मी हात शालीखाली घट्ट दाबून धरले. पण माझा तालाय, बुरुलचा नवरा, त्या पांढऱ्या दाढ्यांपुढे मान खाली घालून उभा. बायको गेल्याच्या दुःखापेक्षा म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवायची लाज त्याला जड झाली. त्यानं हात उघडले. "ओमीन," सगळे म्हणाले. मेंढी कापली गेली. त्या मांसाला मी शिवले नाही.

गुरुवारी मी इस्पितळात गेलेच. टेबलापलीकडे सगळे पांढरे डगले, एकमेकांच्या लग्नांत नाचलेले. नर्सनं मान वर केली नाही. मोठे डॉक्टर गोड हसले.

"आपा, तुमच्या घरी तर समेट झाला. मेंढीही कापली म्हणे. आता आम्ही काय करावं?"

"घरातलं घरात मिटलं असेल. उद्या तो जिचं पोट फाडणार, तिच्या वतीनं कुणी हात उघडले?"

एमिलबेकला ताकीद मिळाली आणि मला चहा. चहा मी तसाच ठेवला.

बाहेर बाकावर एक पोरगी बसली होती. दिवस भरलेले, शेजारी बोचकं. मला पाहून अवघडत उठली.

"आपा, दुवा द्या ना. पहिलंच आहे माझं."

पोटुशी बाई मागते तेव्हा नाही म्हणता येत नाही. मी हात उघडले.

"डॉक्टर कोण ग तुझा?"

"एमिलबेक डॉक्टर. हात फार हलका आहे म्हणतात."

माझे हात तसेच हवेत राहिले. बुरुलही त्या सकाळी असंच काहीसं म्हणाली होती. शेवटी कसंबसं म्हटलं, "पोराला कुशीत घेऊन घरी जा." आणि तिचं बोचकं सरकवून शेजारी बसले.

"कुणाची वाट बघताय, आपा?"

"तुझीच. तू मोकळी होईस्तोवर बसते."

एमिलबेक बाहेर आला. मला पाहून थबकला.

"आता आणखी काय हवंय, आपा?"

"काही नाही. इकडे ये, वाक. तोंड उघड."

त्याचा चेहरा लालभडक झाला. ती पोरगी मात्र तोंडाला रुमाल लावून हसत सुटली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.